कल्पित देवांचे खरे वाद

धर्म एखाद्या माणसानें टेबलाशीं बसून रचलेला असतो, असें आपण सहसा मानीत नाहीं. त्याला संस्थापक असला तरी त्याच्या पाठीशीं अनुभव, परंपरा आणि समाज असतो, अशी आपली समजूत आहे. कथेच्या जगांत मात्र देव रचावेच लागतात. लेखकानें एखादें नवें जग कल्पिलें कीं, त्या जगांतील माणसें कोणापुढें हात जोडतात, मेल्यावर आपलें काय होतें असें त्यांना वाटतें, आणि कोणत्या प्रश्नावरून तीं एकमेकांशीं भांडतात, हेंहि त्याला ठरवावें लागतें. एकट्यानें लिहावयाचें असेल तर हें काम फारसें अवघड नाहीं. अनेकांनीं मिळून एकाच कल्पित जगांत लिहावयाचें म्हटलें, म्हणजे देवांची मालकी कोणाची आणि त्यांच्याविषयीं कोणाचें म्हणणें खरें, हा प्रश्न उभा राहतो. अशाच एका वादाचा इतिहास मी आज श्रोत्यांस सांगणार आहें. या वादांतील देवांवर त्यांच्या निर्मात्याचा काडीइतकाहि विश्वास नव्हता. तरीहि त्या देवांना शिष्य मिळाले, भाष्यकार मिळाले, एक खोटें वचन मिळालें, आणि सरतेशेवटीं त्यांच्या ग्रंथांची पाठशुद्धि करणारा एक संशोधक मिळाला. तो संशोधक कोठला, हें ओघानें येईलच.

या देवांचा निर्माता हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ऱ्होड आयलंड या चिमुकल्या संस्थानांत प्रॉव्हिडन्स नांवाचें जुनें शहर आहे. तेथें तो १८९० सालीं जन्मला आणि तेथेंच १९३७ सालीं वारला. त्याच्या हयातींत त्याच्या गोष्टी 'वीयर्ड टेल्स' सारख्या हलक्या कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकांतून येत आणि महिनाअखेर रद्दींत जात. १९२२ सालीं त्यानें एका लेखांत आपल्या नास्तिकपणाची हकीकत सांगितली आहे, ती मोठी गमतीची आहे. ज्या सुरस व चमत्कारिक अरबी गोष्टी आपल्याकडे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं मराठींत आणावयास आरंभ केला, त्याच गोष्टी या मुलानें पांचव्या वर्षीं इंग्रजींत वाचल्या, आणि आपण अब्दुल अल्हझ्रेद नांवाचे अरब आहोंत असें घरांत जाहीर करून टाकलें. थोड्याच दिवसांत ग्रीक पुराणें हातीं आलीं. तेव्हां अरबपणा सुटला आणि पॅन, अपोलो इत्यादि देवांसाठीं त्यानें वेद्या रचल्या. संध्याकाळच्या अंधुक उजेडांत आपल्याला वनदेवता प्रत्यक्ष दिसल्या, असेंहि त्याला त्या वयांत वाटलें. मोठेपणीं यावरून त्यानें जो निष्कर्ष काढला तो मार्मिक आहे. भक्ताला झालेलें दर्शन हा देवाच्या अस्तित्वाचा पुरावा मानावयाचा, तर आपण पाहिलेला बकऱ्याच्या खुरांचा पॅनहि खरा मानावा लागेल. रविवारच्या धर्मशाळेंतील शिक्षकांना या मुलाचें काय करावें हें समजलें नाहीं, यांत नवल नाहीं.

म्हणजे लव्हक्राफ्टला देव कसे असतात हें ठाऊक होतें, आणि ते नसतात हेंहि तितक्याच ठामपणें ठाऊक होतें. देव रचणाऱ्या लेखकाला यापेक्षां चांगलें भांडवल कोणतें? त्याला वाट दाखविली ती डन्सेनी नांवाच्या आयरिश उमरावानें. या उमरावानें १९०५ सालीं पेगाना नांवाच्या कल्पित लोकांतील देवांचें एक छोटेखानी पुराण स्वतःच्या खर्चानें छापलें होतें. त्यांतील मुख्य देव झोंपलेला असतो आणि त्याची झोंप मोडूं नये म्हणून एक दुसरा देव अखंड ढोल वाजवीत बसतो. ढोल थांबला कीं मुख्य देव जागा व्हावयाचा, आणि त्याच्या जागें होण्याबरोबर जगें नाहींशीं व्हावयाचीं. लव्हक्राफ्टनें डन्सेनी १९१९ सालीं वाचला, त्याच वर्षीं बोस्टन येथें त्याचें व्याख्यानहि ऐकलें, आणि कोणाच्याहि धर्माशीं संबंध नसलेलें दैवतशास्त्र रचतां येतें हें त्याच्या ध्यानांत आलें.

त्याची प्रसिद्ध कथा, 'क्थुल्हूची हाक', १९२६ सालीं लिहिली गेली आणि १९२८ च्या फेब्रुवारींत छापली गेली. समुद्रतळाशीं बुडालेल्या एका नगरींत क्थुल्हू नांवाचें एक प्रचंड सत्त्व मृतवत् पडून आहे. ग्रहताऱ्यांचा योग जुळला कीं तें उठणार, अशी त्याच्या उपासकांची श्रद्धा. यांत नवीन कांहीं नाहीं असें प्रथम वाटतें. प्रलयाच्या कथा सर्व धर्मांत आहेत. नवीन आहे तें असें कीं, या देवाला माणसाशीं कांहीं कर्तव्य नाहीं. तो पापाबद्दल शासन करीत नाहीं, पुण्याबद्दल बक्षीस देत नाहीं, आणि माणसांचा नाश करील तो वाटेंत चिरडल्या जाणाऱ्या मुंग्यांचा व्हावा तसा, नकळत. १९२७ सालीं 'वीयर्ड टेल्स'च्या संपादकास लिहिलेल्या पत्रांत त्यानें हें आपलें सूत्र स्पष्ट सांगितलें आहे. मानवी नीति, मानवी भावना आणि मानवी हितसंबंध यांना या अफाट विश्वांत कांहींहि किंमत नाहीं, या गृहीतावर आपल्या सर्व कथा उभ्या आहेत, असें त्याचें म्हणणें. हें वाक्य श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें; पुढील सर्व तंटा याच्याचभोंवतीं आहे.

एक कटु गोष्टहि येथेंच सांगितली पाहिजे. या देवांचे उपासक म्हणून लव्हक्राफ्टनें बहुधा काळ्या, मिश्रवंशीय आणि परदेशी लोकांनाच उभें केलें आहे. परक्या वंशांविषयीं त्याच्या मनांत तिरस्कार होता आणि तो त्याच्या पत्रांतून व कथांतून उघड दिसतो. ज्यानें माणसाला विश्वांत कवडीची किंमत दिली नाहीं, त्यानें माणसामाणसांतील उच्चनीच भाव मात्र सोडला नाहीं, ही विसंगति त्याच्या चाहत्यांनाहि आज झांकतां येत नाहीं.

आतां हें जग सामाईक कसें झालें तें पाहूं. लव्हक्राफ्टला पत्रें लिहिण्याचें व्यसन होतें, आणि त्याच्या मित्रांपैकीं कित्येकांना त्यानें जन्मांत कधीं पाहिलें नाहीं. कॅलिफोर्नियांतील क्लार्क ॲश्टन स्मिथ हा कवि, टेक्ससमधील रॉबर्ट हॉवर्ड, विस्कॉन्सिनमधील ऑगस्ट डर्लेथ, हे तिघेहि त्याचे जिवलग स्नेही, आणि तिघांचीहि त्याच्याशीं प्रत्यक्ष भेट झाली नाहीं. या मंडळींत देव उसने देण्याघेण्याचा रिवाज पडला. लव्हक्राफ्टनें 'नेक्रोनॉमिकॉन' नांवाचा एक शापित ग्रंथ कल्पिला होता आणि त्याचें कर्तृत्व आपल्या बालपणींच्या अब्दुल अल्हझ्रेदला देऊन टाकलें होतें. फ्रँक बेल्नॅप लाँग या मित्रानें त्या ग्रंथाला इंग्रजी भाषांतरकार मिळवून दिला, तोहि एलिझाबेथ राणीच्या काळचा खराखुरा विद्वान, डॉक्टर जॉन डी. हॉवर्डनें एका जर्मन पंडिताचा दुसरा तसलाच ग्रंथ भर घातला. स्मिथनें त्साथोग्वा नांवाचा एक लठ्ठ, झोंपाळू, बेडकासारखा देव निर्माण केला. लव्हक्राफ्टला तो इतका आवडला कीं त्यानें आपल्या कथेंत त्याचें नांव घेतलें, आणि ती कथा १९३१ च्या ऑगस्टांत छापून आली. खुद्द स्मिथची मूळ कथा मात्र नोव्हेंबरांत बाहेर पडली. म्हणजे उसनवारी आधीं आणि मालकी मागाहून!

यांत लबाडी होती का? थोडी होती, आणि ती जाणूनबुजून होती. निरनिराळ्या लेखकांच्या कथांत तेंच नांव वाचलें म्हणजे वाचकाला वाटावें कीं या सर्वांमागें खरोखरीची एखादी प्राचीन परंपरा असली पाहिजे, हा त्यांतील हेतु. लव्हक्राफ्ट पोटासाठीं इतरांच्या कथा दुरुस्त करून देई. त्या कथांतहि तो आपले देव हळूच बसवून देई. १९३० सालीं एका वाचकानें 'वीयर्ड टेल्स'ला पत्र लिहून विचारलें कीं, हॉवर्डच्या कथेंतील कॅथुलोस आणि लव्हक्राफ्टचा क्थुल्हू यांचा परस्परांशीं संबंध काय? गंमत अशी कीं, हॉवर्डलाच तो संबंध ठाऊक नव्हता. त्यानें लव्हक्राफ्टकडे विचारणा केली, तेव्हां लव्हक्राफ्टनें सरळ सांगून टाकलें कीं हें सारें आपल्याच डोक्यांतून निघालेलें आहे. उलट बफेलो येथील विल्यम लम्ली नांवाच्या एका पत्रमित्राची अशी पक्की खात्री होती कीं, लव्हक्राफ्ट आणि त्याचे सोबती हे अदृश्य शक्तींचे खरेखुरे दूत आहेत. त्यांना स्वतःला तें ठाऊक नाहीं, इतकेंच. या धर्माचा पहिला श्रद्धावान् भक्त म्हणून लम्लीचें नांव घ्यावयास हरकत नाहीं.

त्या मंडळींतील खेळकरपणाचा एक मासला सांगतों. १९३५ सालीं रॉबर्ट ब्लॉक या अठरा वर्षांच्या पोरानें एका कथेंत लव्हक्राफ्टसारख्या दिसणाऱ्या एका पात्राचा वध करावयाचें योजिलें. लव्हक्राफ्टनें त्याला रीतसर परवानगीपत्र लिहून दिलें, आणि साक्षीदार म्हणून खालीं अल्हझ्रेद व इतर कल्पित ग्रंथकार यांच्या सह्या केल्या. मग त्यानें आपल्या पुढच्या कथेंत ब्लेक नांवाचा तरुण लेखक मारून उसनें फेडलें. देवांच्या वंशावळींचेंहि असेंच चाले. स्मिथनें १९३४ सालीं त्साथोग्वाची वंशावळ मोठ्या गांभीर्यानें तयार केली. लव्हक्राफ्टनें त्याच्या आदल्या वर्षीं एका मित्रास पाठविलेल्या वंशवृक्षांत शेवटच्या फांद्यांवर स्वतःचें आणि स्मिथचें नांव घातलें होतें. दोघेहि देवांचे वंशज!

जेथें संस्थापकच इतका थट्टेखोर, तेथें शास्त्र एकसूत्री कोठून असणार? 'क्थुल्हूची हाक' या कथेंत एक म्हातारा उपासक क्थुल्हूला महान् पुरोहित म्हणतो. पुढील एका कथेंत नेक्रोनॉमिकॉनमधील उताऱ्यांत तो थोर देवांचा दूरचा आप्त ठरतो आणि त्यांना पुरता ओळखूंहि शकत नाहीं. आणि १९३१ सालीं लिहिलेल्या दक्षिण ध्रुवावरील दीर्घ कथेंत तर तो देवच उरत नाहीं. परग्रहावरून आलेल्या एका प्राणिजातीचा तो पुढारी असावा असें दिसतें. ज्यांना माणसांनीं देव म्हटलें ते केवळ आपल्याहून जुने आणि बलाढ्य प्राणी होते, अशी ही शेवटची भूमिका. एखाद्या तर्कशास्त्र्याला यांत दोष दिसेल. मला तर यामुळेंच हे देव खऱ्या पुराणांतील देवांसारखे वाटतात. आपल्याकडेहि एकाच देवाची कथा दोन पुराणांत सारखी सांपडत नाहीं.

लव्हक्राफ्ट १९३७ च्या मार्चांत वारला. आणि येथें ऑगस्ट डर्लेथ पुढें येतो. त्याच्यावर लिहितांना पुष्कळांची लेखणी कडवट होते, म्हणून त्याचे उपकार आधीं सांगतों. आपल्या मित्राच्या कथा पुस्तकरूपानें छापावयास कोणी प्रकाशक मिळेना, तेव्हां डर्लेथ आणि डोनाल्ड वाँड्रे यांनीं १९३९ सालीं स्वतःच 'अर्कम हाउस' ही प्रकाशनसंस्था काढली आणि लव्हक्राफ्टच्या कथांचा जाडजूड खंड छापला. प्रती निघाल्या १२६८. त्या खपावयासहि वर्षें लागलीं. डर्लेथनें ही खटपट केली नसती तर रद्दींत गेलेला लव्हक्राफ्ट रद्दींतच राहिला असता.

परंतु डर्लेथ कॅथॉलिक संस्कारांत वाढलेला होता, आणि माणसाकडे ढुंकूनहि न पाहणारें विश्व त्याला मनापासून पटत नव्हतें. त्यानें गुरूच्या विखुरलेल्या देवांना व्यवस्था लावावयास घेतली. त्याच्या मतें प्राचीन काळीं विश्वांत सज्जन देव होते आणि दुर्जन देवहि होते. दुर्जनांनीं बंड केलें. सज्जनांनीं त्यांना जिंकून ठिकठिकाणीं कोंडून ठेविलें. हें ख्रिस्ती पुराणांतील सैतानाच्या पतनाशीं जुळतें, असें तो स्वतःच अभिमानानें सांगे. मग त्यानें या देवांना महाभूतें वांटून दिलीं. क्थुल्हू जलाचा, हास्तूर वायूचा, आणखी कोणी पृथ्वीचा. अग्नीचा देवच नाहीं असें एका अभ्यासकानें दाखवून दिलें, तेव्हां त्यानें क्थुग्हा नांवाचा एक नवा अग्निदेव निर्माण करून ती उणीव भरून काढली! जलदेवाला समुद्राच्या पाण्याखालीं कैद करून ठेवण्यांत कसली शिक्षा, हा प्रश्न मात्र कोणी वेळेवर विचारला नाहीं.

हास्तूरची कथा तर स्वतंत्रपणें सांगण्यासारखी आहे. तो प्रथम अँब्रोज बिअर्स या अमेरिकन लेखकाच्या एका गोष्टींत येतो, आणि तेथें तो मेंढपाळांचा सौम्य, कृपाळू देव आहे. रॉबर्ट चेंबर्सच्या १८९५ सालच्या कथासंग्रहांत तेंच नांव बहुतेक एखाद्या स्थळाचें वा ताऱ्याचें असल्यासारखें येतें. लव्हक्राफ्टनें तें नांवांच्या एका लांबलचक यादींत नुसतें उच्चारून सोडून दिलें. डर्लेथनें त्याला क्थुल्हूचा सावत्र भाऊ आणि वैरी करून टाकलें, आणि १९३९ सालीं त्याच्यावर कथा लिहिली. या सर्व दैवतशास्त्रालाच हास्तूरचें नांव द्यावें, असें डर्लेथनें गुरूच्या हयातींत सुचविलें होतें. तें लव्हक्राफ्टनें हंसून टाळलें होतें. चाळीसपन्नास वर्षांत मेंढपाळांच्या दयाळू देवाचा दुष्ट दैत्य झाला, आणि यासाठीं एकहि लढाई, एकहि धर्मांतर व्हावें लागलें नाहीं.

डर्लेथच्या या मांडणीला आधार काय? येथें तें खोटें वचन येतें. आपल्या सर्व कथा एकाच दंतकथेवर उभ्या असून, काळी जादू केल्यामुळें पृथ्वीवरून हांकलून दिलेली एक प्राचीन जाति पुन्हां पृथ्वी बळकावण्यास टपून बसली आहे, अशा आशयाचें एक विधान डर्लेथ लव्हक्राफ्टच्या तोंडचें म्हणून प्रत्येक प्रस्तावनेंत देऊं लागला. इतरांनीं तें उतरून घेतलें आणि तीस वर्षें तें प्रमाणवाक्य होऊन बसलें. १९४५ सालीं तर दोघांच्या नांवानें एक कादंबरी निघाली. तिच्या सुमारें ५०,००० शब्दांत लव्हक्राफ्टचे शब्द १,२०० च्या आसपास होते. तिच्यांतहि तीच सज्जन देवांची आणि कैदेंतील दुर्जनांची व्यवस्था.

डर्लेथ १९७१ सालीं वारला, आणि दुसऱ्याच वर्षीं रिचर्ड टिअर्नी नांवाच्या लेखकानें उघड प्रश्न केला कीं, ज्याला आपण लव्हक्राफ्टचें दैवतशास्त्र म्हणतों तें वस्तुतः डर्लेथचें नव्हे काय? तेथून झडती सुरू झाली. गंमत अशी कीं, पुरावा डर्लेथनेंच पुरविला होता. लव्हक्राफ्टच्या निवडक पत्रांचे खंड त्यानेंच छापावयास घेतले होते, आणि १९६८ च्या खंडांत तें १९२७ चें संपादकास लिहिलेलें पत्र स्वच्छ छापलेलें होतें. काळ्या जादूचें वाक्य मात्र कोणत्याहि पत्रांत सांपडेना. शेवटीं डेव्हिड शुल्झ या संशोधकानें त्याचा माग काढला. हॅरोल्ड फार्नीझ नांवाचा एक संगीतरचनाकार लव्हक्राफ्टच्या कवितांना चाली लावण्याच्या निमित्तानें त्याच्याशीं पत्रव्यवहार करीत असे. मित्राच्या मृत्यूनंतर डर्लेथनें पत्रें मागविलीं, तेव्हां फार्नीझनें आपल्या आठवणीवरून हें वाक्य लिहून पाठविलें. त्यानें खोटेपणा केला असें मला वाटत नाहीं. त्याला आपला मित्र जसा समजला तसा त्यानें त्याला बोलता केला, आणि डर्लेथला हवें तें वचन घरबसल्या मिळालें.

या शुद्धिकार्यांतील सर्वांत मोठें नांव म्हणजे सुनंद त्र्यंबक जोशी. यांचा जन्म १९५८ सालीं पुण्यांत झाला. लहानपणींच ते आईवडिलांबरोबर अमेरिकेस गेले. लव्हक्राफ्टचीं हस्तलिखितें प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन विद्यापीठांत आहेत, म्हणून शिक्षणासाठीं त्यांनीं तेंच विद्यापीठ निवडलें. मासिकांच्या संपादकांनीं तोडलेलीं परिच्छेदांचीं तुकडीं, गाळलेले उतारे, पिढ्यान्पिढ्या छापत आलेल्या चुका, या सर्व त्यांनीं हस्तलिखितांशीं ताडून पाहिल्या, आणि दुरुस्त पाठाचे खंड १९८४ पासून त्याच अर्कम हाउसतर्फे प्रसिद्ध झाले. १९९६ सालीं त्यांनीं लव्हक्राफ्टचें विस्तृत चरित्र लिहिलें. आपल्याला येथें एकनाथांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. शके १५०६ मध्यें त्यांनीं ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून प्रक्षिप्त ओंव्या वेगळ्या काढल्या आणि पुढें कोणी भर घालूं नये म्हणून बजावून ठेविलें. तुलना येथेंच थांबविली पाहिजे. एकनाथांची श्रद्धा होती, आणि जोशी हे लव्हक्राफ्टसारखेच जाहीर नास्तिक. डर्लेथविषयीं त्यांनीं कठोर लिहिलें आहे. पाठाच्या बाबतींत त्यांचें म्हणणें निर्विवाद आहे. परंतु देव उसने देऊन ठेवणाऱ्या माणसानें आपल्यामागें त्यांचें काय व्हावें याबद्दल एकहि नियम घालून ठेविला नव्हता, आणि हयातींत कोणाचा हात धरला नव्हता. डर्लेथचा अपराध सज्जन देव निर्माण करण्यांत नाहीं. ते गुरूच्या तोंडीं घालण्यांत आहे.

विद्वानांचा निकाल लागला तरी लोकांचा लागला नाहीं. १९७२ सालीं सैतानाच्या उपासकांनीं प्रसिद्ध केलेल्या एका विधिग्रंथांत लव्हक्राफ्टच्या देवांचे विधि आले. १९७७ सालीं 'नेक्रोनॉमिकॉन' याच नांवाचें एक पुस्तक न्यूयॉर्कमध्यें टोपणनांवानें छापलें गेलें. त्यांत बाबिलोनच्या प्राचीन देवतांची आणि या कल्पित देवांची सरमिसळ केलेली आहे, आणि त्यांतील मंत्र खरे मानणारे वाचक त्याला मिळाले. १९८१ सालीं याच देवांवर संवादांचा एक बैठा खेळ निघाला. त्यांत सज्जन देव धांवून येत नाहींत. खेळणाऱ्यांचीं पात्रें सत्याच्या जितकीं जवळ जातील तितकीं वेडाकडे झुकतात. तेथें गुरूचेंच मत जिंकलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

लव्हक्राफ्टला प्रॉव्हिडन्सच्या स्वान पॉइंट स्मशानभूमींत पुरलेलें आहे. चाळीस वर्षें त्याच्या नांवाचा स्वतंत्र दगडहि तेथें नव्हता. घराण्याच्या स्तंभावर नांव होतें, तेवढेंच. १९७७ सालीं चाहत्यांनीं वर्गणी काढून एक साधा दगड बसविला. त्यावर त्याच्याच एका पत्रांतील तीन शब्द कोरले आहेत. त्यांत तो आपण म्हणजेच आपलें शहर, असें सांगतो. हें शहर रॉजर विल्यम्स या हद्दपार झालेल्या धर्मोपदेशकानें १६३६ सालीं वसविलें, आणि संकटांत आपल्याला सांभाळणाऱ्या ईश्वराची आठवण म्हणून त्याला प्रॉव्हिडन्स, म्हणजे ईश्वरी कृपा, असें नांव दिलें होतें.